बफ न केलेल्या दोन पट्ट्या

वसईला जाते म्हटल्यावर अमरावतीच्या आमच्या कॉलेजात प्रत्येकाने मला किल्ल्याबद्दल काही ना काही सांगितलं. परत आल्यावरही पहिला प्रश्न तोच, किल्ला पाहिला का. नाही पाहिला. सहा दिवस मी किल्ल्यापासून बसने फार तर अर्ध्या-पाऊण तासावर होते आणि त्यातला बहुतेक वेळ केळीच्या वाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, निकेलच्या टाकीवर वाकून गेला. तरी वसई मी पाहिली असा माझा दावा आहे, आणि किल्ला पाहून आलेल्यांपेक्षा जरा जास्तच पाहिली.

जायचं कारण आधी सांगते. मी रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात, गेली सहा वर्षं, कॉलेजच्या मागच्या एका खोलीत पाणी फोडते. म्हणजे काचेच्या भांड्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घ्यायचं, त्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडायच्या आणि वीज द्यायची. एका पट्टीवर हायड्रोजन निघतो, दुसरीवर ऑक्सिजन. हायड्रोजन जळतो आणि जळून पुन्हा पाणीच होतं, ना धूर ना राख. तेलाचे भाव भडकल्यापासून सगळ्यांना सूर्याची आठवण झाली आहे. उद्या उन्हाची वीज स्वस्त झाली, तर आमच्या वऱ्हाडात ऊन काही कमी नाही. अडचण एकच. पट्टी साधी असली तर वीज फार खाते. तिच्यावर उत्प्रेरकाचा थर असला तर तेच काम कमी विजेत होतं. प्लॅटिनमचा थर सगळ्यांत चांगला, पण प्लॅटिनम आमच्या प्राचार्यांनाही परवडणार नाही. मी निकेलच्या मागे लागले होते. निकेल आणि जस्त एकत्र चढवायचं, मग गरम कॉस्टिकमध्ये बुडवून जस्त विरघळवून टाकायचं. मागे उरतं ते बारीक बारीक भोकांचं, काळं, ओबडधोबड निकेल, आणि ते प्लॅटिनमच्या जवळपास जातं.

कागदावर जातं, असं म्हणायला हवं. आमच्या खोलीत चढवलेला थर दोन दिवसांत पापुद्र्यासारखा सुटून भांड्याच्या तळाशी बसायचा. आणि आता अनुदान देणारी समिती पंधरवड्यात येणार होती. टिकणारी एक पट्टी दाखवता आली नाही, तर काम बंद होणार होतं आणि ती खोली भूगोल विभागाला जाणार होती. भूगोलवाले नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन आतापासूनच दारात घुटमळत होते.

मुंबईच्या दोन प्लेटिंगवाल्यांनी, म्हणजे विजेने धातूवर थर चढवून देणाऱ्यांनी, माझ्या पत्राला उत्तरच दिलं नाही. तळहाताएवढ्या चार पट्ट्या, त्याही चकाकी नको म्हणणाऱ्या, त्यांना वेडेपणा वाटला असणार. शेवटी वसईच्या शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने कळवलं, की निर्मळजवळ पास्कल लोपीस नावाचे एक गृहस्थ आहेत, पंचवीस वर्षं मुंबईत प्लेटिंगच्या कारखान्यात फोरमन होते, आता घरामागे स्वतःची टाकी टाकली आहे, ये. मी पट्ट्या, जस्ताच्या क्षाराची बाटली आणि विजेचे दोन मीटर पिशवीत भरले आणि निघाले.

बुधवार, वाडीत

नालासोपाऱ्याला उतरल्यावर पूर्वेकडे तुळिंजच्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे आणि विटांचे ढीग दिसत होते. मला पश्चिमेला जायचं होतं. टांग्यात बसले आणि दहा मिनिटांत सगळं बदललं. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच पानवेलींचे मांडव, फुलांच्या बागा, आणि जागोजागी हिरव्या पाण्याची तळी. इथे त्यांना बावखल म्हणतात, वाडीचं शिंपणं त्यांच्यावर चालतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे विहिरीत दोर सोडला तर बादली तळाला खडखडते. इथे रस्त्याच्या कडेला पाणी उघडं पडलं होतं आणि कोणी त्याच्याकडे वळूनही पाहत नव्हतं. मला सरळसरळ हेवा वाटला.

पास्कलकाका साठीला आलेले, बारीक, बोटांची नखं निकेलने कायमची हिरवट झालेली. त्यांची बायको फिलूकाकी अंगाने भरलेली, लाल लुगडं नेसलेली, बोलण्यात काकांपेक्षा दुप्पट. दोघं आपसात जी बोली बोलत ती मला चारातला एक शब्द समजे. माझ्याशी मात्र दोघंही सावकाश, मला कळेल असं बोलत.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. ईस्टर नुकताच होऊन गेला होता. सणाच्या आधी आसपासच्या चार-पाच देवळांतल्या मेणबत्त्यांच्या समया काकांकडे येतात, आणि त्यातल्या काही न्यायला अजून कोणी आलं नव्हतं. चर्चलाही इथे देऊळच म्हणतात. भिंतीशी ओळीने उभ्या असलेल्या त्या पुरुषभर उंच समयांत माझा प्रवासाने चुरगळलेला चेहरा दहा ठिकाणी दिसत होता. कोपऱ्यात बफचं यंत्र होतं, कापडाच्या चकत्यांचं जाड चाक, ज्याच्यावर घासून ही चकाकी आणतात.

मी माझी कृती लिहिलेला कागद दिला. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"ब्राइटनर लिहायला विसरलात बाई."

"विसरले नाही. चकाकी नकोच आहे. शेवटी पट्टी काळी पडली पाहिजे."

"काला?" काकांनी कागद खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी काय केला ते ठाव हाय? काम काला पडू नये म्हणून झटलो. काला पडला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतो."

"मी नाही फेकणार."

"पण काला कशाला?"

इथे मी एक उत्तर दिलं, जे पुढे मला फार महागात पडलं. मी प्रवासाने शिणले होते, आणि वर्गात मुलांच्या शंका उडवून लावायची मला सवय आहे. मी हसून म्हटलं, "ती फार मोठी भानगड आहे काका, तुम्हाला नाही कळायची. तुम्ही फक्त कागदावर आहे तसं करा." काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

गुरुवार आणि शुक्रवार

राहायची सोय त्यांच्याच घरी होती. सकाळी दारावर मासेवाली आली, टोपली उतरवून बोंबील दाखवत मला म्हणाली, "घे बाय, आजचाच हाय. अजून पानी सोडतंय बघ." आमच्याकडे मटण झणझणीत होतं, त्यात मी कोणाला हार जाणार नाही, पण समुद्राची मासळी आयुष्यात खाल्ली नव्हती. तरी सगळं खाते अशी बढाई आधीच मारून बसले होते. दुपारी ताटात बोंबलाचं लालभडक कालवण आणि तांदळाची भाकरी आली. मी एकेक काटा काढून ताटाच्या कडेला रचू लागले. फिलूकाकी पाहत होत्या.

"बाय, बोंबलाचा काटा कोन काढतो? तो खायचा. नायतर उरला काय तुझ्या ताटात?"

खरोखरच काही उरलं नव्हतं. मग मी काट्यासकट खाल्ला, आणि संध्याकाळी पुन्हा मागून घेतला. ज्वारीची भाकरी मात्र मनातून हटली नाही. तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, पातळ, सुंदर, पण दोन तासांत पोट विचारतं की पुढे काय. त्याची भरपाई सुकेळी करतात. ही उन्हात वाळवलेली केळी, वरून चिवट, आत मधासारखी. शेडमध्ये काम करताना मी किती खाल्ली ते फिलूकाकींनाच ठाऊक.

कामात काकांचा हात पाहून मी पहिल्याच दिवशी गप्प झाले. आम्ही प्रयोगशाळेत पट्टी ॲसिडात बुडवून धुतली की स्वच्छ झाली असं समजायचो. काकांनी आधी चुन्याने घासली, मग धुतली, आणि पाण्यातून काढून उजेडात तिरकी धरली.

"पानी बघा. मध्ये तुटतोय ना? इथं अजून तेल हाय." पुन्हा घासली. चौथ्यांदा पाण्याचा पडदा पट्टीभर अखंड राहिला तेव्हा कुठे ती टाकीत गेली. आधी नुसत्या निकेलचा पातळ थर, मग माझं निकेल-जस्त. टाकीसाठी वाडीतलं पाणी चालणार नव्हतं, म्हणून काका सायकलवर जाऊन बॅटरीत घालायच्या पाण्याचे डबे घेऊन आले. सहा वर्षं माझे थर का सुटत होते ते मला त्या पाण्याच्या पडद्यात दिसलं. हे एकाही पुस्तकात मी वाचलं नव्हतं, किंवा वाचून सोडून दिलं होतं.

शुक्रवारी दुपारी चारही पट्ट्या गरम कॉस्टिकमध्ये गेल्या, फसफसल्या आणि काळ्या झाल्या. पाचवा एक बोटाएवढा तुकडा मी चाचणीला घेतला होता, तोही काळा झाला. मीटर लावून एक पट्टी तपासली. साध्या निकेलपेक्षा जवळजवळ पाव व्होल्ट कमी. नखाने खरवडून पाहिलं, थर हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी फिलूकाकींना मिठी मारली. त्यांनी माझ्या खांद्यावरून त्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि नवऱ्याला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. काकांनी खांदे उडवले.

शनिवार, निर्मळ

काम झालं, आता गाव बघावं, म्हणून शनिवारी जेवण करून मी शेजारच्या ताराबाई राऊतांबरोबर निर्मळला गेले. ताराबाईंची पानवेल काकांच्या वाडीला लागूनच. विधवा बाई, वय पन्नाशीचं, एकटीने वाडी चालवते आणि तिची पानं करंड्या भरून रेल्वेने थेट उत्तरेत जातात. जाताना मी पट्ट्या पाण्याच्या बरणीत ठेवल्या आणि काकांना सांगितलं, "माझा माल तेवढा बांधून ठेवा. सोमवारी निघेन म्हणते."

निर्मळचं देऊळ, हे हिंदूंचं, टेकाडावर आहे, खाली मोठं तळं. पायऱ्यांवर बसलं की केळीच्या बागांवरून येणारा वारा अंगाला लागतो. ताराबाईंनी चाफ्याची फुलं वाहिली. येताना वाटेत देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, क्रुसापाशी थांबून तिथेही दोन ठेवली. मी पाहते आहे हे बघून म्हणाल्या, "फिलू आमच्या गणपतीला केळीचा घड आणते ना, मग?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. आमच्या गावात एका मारुतीचे भक्त दुसऱ्या मारुतीला जात नाहीत, ते मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळची घंटा झाली तेव्हा आम्ही परत आलो. काका आणि काकी दोघं ओट्यावर उभी होती, दोघांच्या चेहऱ्यावर हसू. काकांच्या हातात मऊ पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, रेशमी फीत बांधलेलं एक पुडकं होतं.

"सोडून बघा तरी," फिलूकाकी म्हणाल्या.

मी फीत सोडली. आत चार पट्ट्या होत्या, आरशासारख्या. त्यांतल्या एकीत मला माझा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्याचा रंग जाताना मी स्वतः पाहिला.

बफ मारला होता. कामाला बफ मारल्याशिवाय ते बांधायचं नाही, हा त्यांच्या शेडचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. त्यात मी पाहुणी. काळ्या पट्ट्या घेऊन मी गावी गेले तर लोक काय म्हणतील, लोपीसच्या हातचं काम असं, ही काकींची काळजी. उद्या रविवार, मशीन बंद, म्हणून दुपारी दोघांनी खपून ते केलं होतं. काका म्हणाले, "घासताना जरा ठिणग्या उडाल्या. मला वाटला मळ जळतोय. पण खालून बघा काय निघाला."

खालून निघालं होतं ते साधं निकेल. माझा थर बफच्या चाकावर आणि जमिनीवर काळ्या भुकटीत पडला होता.

मी फार वाईट बोलले. ते सगळं इथे लिहिणार नाही. एवढं सांगते, की अडाणी हा शब्द मी वापरला, आणि तो चाळीस वर्षं निकेलमध्ये हात घातलेल्या माणसाला वापरला, ज्याने परवाच मला पट्टी धुवायला शिकवली होती. काकींच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि ते पाहणं जास्त कठीण होतं. काका फक्त म्हणाले, "बाई, मी विचारला होता. काला कशाला, विचारला होता मी."

ते खरं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी हसून उडवून लावलं होतं. मला माझी लाज वाटली.

रविवार

सकाळी ती दोघं मिस्साला, म्हणजे देवळातल्या रविवारच्या प्रार्थनेला, गेली. मी ओट्यावर बसून हिशोब करत होते, की जस्ताचा क्षार दोनच पट्ट्यांपुरता उरला आहे, आणि आज काकांची टाकी काही झालं तरी चालू होणार नाही. रविवारी पास्कल लोपीस विजेचं बटण दाबत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझी खोली मला नकाशांनी भरलेली दिसू लागली.

मिस्साहून आल्यावर काका कपडे न बदलता माझ्यासमोर बसले. पांढरा सदरा, कडक इस्त्री.

"आज काम नाय करायचा. पण शिकायला बंदी नाय. आता सांगा, काला कशाला."

मी आधी माफी मागितली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली, माशी उडवावी तशी, आणि पुन्हा विचारलं. तेव्हा मी काचेच्या दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत कॉस्टिकचं पाणी भरलं. एकीत बफ मारलेली चकचकीत पट्टी सोडली, दुसरीत तो बोटाएवढा काळा तुकडा, जो मी माझ्या डबीत पाण्यात ठेवला म्हणून वाचला होता. चकचकीत पट्टीचा तुकड्याएवढाच भाग बुडेल असं बघितलं. ताराबाईंनी त्यांच्या टेम्पोची बॅटरी काढून दिली. दोन्ही बरण्यांतून एकच वीज एकापाठोपाठ जाईल अशी तार जोडली आणि मीटर लावले.

चकचकीत पट्टीवर मोठे मोठे बुडबुडे आले आणि तिथेच चिकटून बसले. काळ्या तुकड्यावरून बारीक बुडबुड्यांची धार सुटली, इतकी बारीक की पाणी दुधासारखं दिसू लागलं. आणि त्याच्या मीटरचा काटा खाली.

काका गुडघ्यावर बसून बरणीला नाक टेकेपर्यंत वाकले. ताराबाई आणि काकीही वाकल्या होत्या.

"वीज दोघींतून सारखीच जाते?" काकांनी विचारलं.

"सारखीच. पण तेवढ्याच कामाला चकचकीत पट्टी जास्त जोर मागते. तिला भोकं नाहीत. वायू निघायला जागा किती आहे, त्यावर सगळं आहे. काळ्या तुकड्याला आत लाखो खळगे आहेत."

"म्हंजे तुम्हाला खडबडीत पायजे."

"जितकं खडबडीत तितकं बरं."

काका उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मी काल मारलेला ओरखडा अजून होता, पण त्याच्यावरून दुसरं काहीतरी सरकत होतं.

"मग हे आधी नाय सांगायचा? मी अप्रेंटिस होतो तेव्हा करंट जास्त सोडला की काम जळायचा. जळायचा म्हंजे काठाकाठाने काला, दाणेदार. फोरमन कानाखाली वाजवायचा. तेच तर पायजे ना तुम्हाला? ते मला झोपेत जमेल."

सहा वर्षं मी करंट कमी, सावकाश, जपून देत होते, कारण पुस्तकात गुळगुळीत थराची कृती होती आणि मी तीच धरून बसले होते. काम जळतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

उरलेला दिवस काका वाडीत फिरत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. केळीला पाणी देता देता मध्येच थांबत आणि बोटांनी हवेत काहीतरी मोजत.

सोमवार

सकाळी सहाला शेडमधून आवाज आला. काकांनी चकचकीत पट्ट्यांतल्या दोन घेतल्या, त्यांच्यावर बारीक वाळू मारून आधीच खरखरीत करून ठेवल्या होत्या. मग धुणं, पाण्याचा पडदा, निकेलचा पातळ थर, आणि माझं निकेल-जस्त. शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी बटण फिरवलं, मीटरचा काटा वर चढला, आणि ते मान तिरकी करून पट्टीच्या काठाकडे पाहू लागले. "आता... आता जळायला लागला... थांब... बस." झटकन बंद.

कॉस्टिकमधून निघाल्यावर पट्ट्या काळ्या नव्हे, मखमलीसारख्या काळ्याभोर निघाल्या. मी मीटर लावला, पुन्हा लावला, तारा बदलून तिसऱ्यांदा लावला. शुक्रवारच्या पट्टीपेक्षाही काटा खाली होता. मी काकांना आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या समयांकडे वळून म्हणाले, "ह्यांना सांगू नका."

काकींनी मात्र स्वच्छ सांगितलं, "बाय, मला ह्या अजून पन वाईटच दिसतात."

नवी अडचण लगेच आली. बफवर उडालेल्या ठिणग्या म्हणजे मळ नव्हता. असलं ताजं निकेल कोरडं झालं की हवेनेच तापतं, कागद जाळू शकतं. ते ओलंच ठेवायला हवं. बाटलीत पाणी भरून नेलं तर दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून थर झडणार. आणि मला एप्रिलच्या उन्हात वऱ्हाडापर्यंत जायचं होतं.

ताराबाई कुंपणाशी उभ्या राहून ऐकत होत्या. "किती वेळ ओलं राहायला पाहिजे?"

"दोन दिवस धरा."

"दोनच?" त्यांना जरा कमीच वाटलं. "आमची पानं तीन-तीन दिवस गाडीत असतात ताई. पोचतात तेव्हा दव पडल्यासारखी असतात."

मंगळवार, निघताना

ताराबाईंनी पानांची करंडी घेतली. तळाशी केळीचा सोप, म्हणजे खोडाची ओली, पाणी धरून ठेवणारी साल. वर केळीची पानं, मग ओलं गोणपाट, मग एक पट्टी ओल्या फडक्यात. पुन्हा पानं, पुन्हा सोप, दुसरी पट्टी. वरून विड्याच्या पानांचा थर, का तर करंडी रिकामी पाठवायची नसते. काथ्याने बांधताना त्यांनी गाठ कुठे सोडायची आणि पाणी कुठून शिंपडायचं ते दाखवलं. दोन पट्ट्यांमध्ये हाताचं अंतर होतं आणि करंडी उलटी केली तरी काही हललं नसतं.

निघताना मी काकांच्या पाया पडले. ते संकोचले. मग शेडमध्ये जाऊन एक बाटली घेऊन आले. आत पाण्यात तो बोटाएवढा काळा तुकडा होता. "हा ठेवू का मी? समयांच्या बाजूला ठेवतो. कोणी विचारला तर सांगेन." मी म्हटलं, तो तुमचाच आहे.

वाटेतल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मी करंडीला पाणी शिंपडत होते आणि डब्यातल्या लोकांनी माझ्याकडे पानं विकत मागितली. भुसावळपर्यंत वरचा थर मी वाटून टाकला.

अमरावती

समिती येणार त्या सकाळी कॉलेज ओळखू येत नव्हतं. फरशा धुतल्या होत्या, पितळी कड्या घासल्या होत्या. मी खोलीवर पोचले तर आमचे नामदेवराव टेबलाशी उभे. तीस वर्षं नोकरी झालेले शिपाई, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. एका हातात पॉलिशचा डबा, दुसऱ्या हातात फडकं, आणि नजर काचेच्या भांड्यातल्या काळ्या पट्टीवर.

"बाई, हे येवढं घाण कसं राहालं? आणा, चमकवून देतो."

मी धावत जाऊन भांड्यावर हात धरला आणि तोंड उघडलं. तेच जुनं वाक्य जिभेवर आलं होतं, नामदेवराव, ते तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही फक्त हात लावू नका.

मी ते गिळलं. स्टूल ओढून नामदेवरावांना बसवलं. समितीला यायला पाऊण तास होता, त्यातली वीस मिनिटं मी त्यांना दिली. दोन बरण्या, एक साधी पट्टी, एक काळी, मोठे बुडबुडे, बारीक बुडबुडे, आणि मीटर. त्यांनी पॉलिशचा डबा खाली ठेवला, आणि मी थांबले तेव्हा म्हणाले, पुन्हा एकदा लावून दाखवा.

समितीचे अध्यक्ष वयस्कर, तुटक बोलणारे होते. मी वीज सोडली. काळ्या पट्टीवरून ती बारीक धार सुटली आणि पाणी दुधाळ झालं. त्यांनी आकडे पाहिले, टिपून घेतले, दिवसभर पट्टी चालवून ठेवायला सांगितली. संध्याकाळी परत येऊन पुन्हा आकडे पाहिले. काटा जिथे होता तिथेच होता. भांड्याच्या तळाशी एक कणही पडला नव्हता.

मग त्यांनी चष्मा काढला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण इतक्या लोकांसमोर ठेवायची वस्तू, ही जरा घासूनपुसून नाही का ठेवता आली?"

मी उत्तर द्यायला वळले. पण नामदेवराव चहाचे कप ठेवत होते, आणि ते तबक हातात धरूनच बोलले.

"चमकवली त मरते ते, साहेब. तिले काळीच राहू द्या लागते. काऊन, ते सांगू काय?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.